खाडा

सांगलीला दुधाच्या हिशोबाची वही असायची,
कॅलेंडरमागे सुतळीला टांगलेली.
गवळी आला नाही की आई फुली मारायची, म्हणायची, खाडा.
शेफील्डमध्ये दूध प्लॅस्टिकच्या कॅनमधून येतं,
खाडा करायला कुणी उरलेलंच नाही.
तरी मी वॉकलीच्या चढावरल्या दुकानातून
नव्वद पेन्सची एक वही आणली
आणि फुल्या मारायला लागले,
शाल्मलीच्या.

वाक्याच्या मधोमध जायची ती.
"आई, उद्या शाळेत ना आम्हाला..."
आणि डोळे माझ्याच तोंडावर, पण डोळ्यांत कुणी नाही,
पापण्या किंचित फडफडत,
चमच्यातलं सूप तिरपं.
आठ, नऊ, दहा.
मग "गोगलगाई न्यायच्यायत,"
जसं मध्ये काही सांडलंच नव्हतं.

मिसेस प्लॅट म्हणाल्या, गोड आहे, पण तंद्रीत असते.
मीही म्हणत होते, लक्ष कुठंय तुझं?
एकदा चापट मारली.
ती वहीत नाही.

मंगळवारी एकोणीस.

डोक्याला वायरी लावून तिच्या हातात
कागदाचं भिरभिरं दिलं डॉक्टर अडेयेमींनी.
फुंक. फुंकत राहा. तीन मिनिटं.
दीड मिनिटात भिरभिरं थांबलं
आणि पडद्यावर उमटले कंगव्याचे दात,
एका सेकंदाला तीन, एकसारखे, सुबक.
इतकी सुबक गोष्ट माझ्या घरात नाही.

"साधारण निम्म्या मुलांना पहिलंच औषध लागू पडतं."
आणि बाकीच्यांना?
"दुसरं. त्यातही बऱ्याच जणांना."
आणि?
त्यांनी उत्तर टाळलं नाही, म्हणून मला त्या आवडल्या.
"काही जण राहतात. तेव्हा पुढचं बघू."

निम्मं हा शब्द मी आजवर नीट पाहिला नव्हता.
निम्मी पोळी. ट्रॅमचं निम्मं तिकीट.
घरी येईस्तोवर शाल्मलीने खिडकीला नाक लावलं होतं
आणि मी तिला नाकासकट, वेणीसकट
सगळीच्या सगळी मोजत होते.

आत्याचा फोन: कांदा हुंगव, नाहीतर चप्पल.
आणि आकडी म्हणू नकोस कुठे,
मुलीची जात आहे.

औषध पातळ, गोडूस, पाठीमागून कडू.
सिरिंजने गालाच्या आत, सकाळी आणि रात्री.
पोट दुखलं. मग उचक्या.
"आई, कोण गं आठवण काढतंय?
आत्या? मिसेस प्लॅट? गोगलगाय?"
पाणी पी, म्हटलं.
औषधाच्या पत्रकात मुंगीएवढ्या अक्षरांत छापलंय: उचकी.
कुणाच्या आठवणीने, ते नाही छापलेलं.

एकोणीस. अकरा. परत चौदा.
डोस वाढवला. चार.

वेटिंग रूममध्ये एक मुलगा, डोक्याला फोमचं शिरस्त्राण,
बापाच्या मांडीत मावेनासा झालेला.
तुमचं कितवं? बापाने विचारलं.
पहिलं, म्हटलं. आणि चारवर आलंय, असं ओशाळून.
आमचं तिसरं, तो म्हणाला,
आणि रांगेत मागून येऊन पुढे गेलेल्याकडे
भांडण न काढता बघावं
तसं बघून पाय आवरून घेतले त्याने,
आम्हाला जायला जागा व्हावी म्हणून.

ऑक्टोबरचं पान कोरं आहे.
माझा नाही विश्वास बसत कोऱ्या पानावर.
पुढल्या गुरुवारी परत भिरभिरं.

काल जेवताना ती सांगत होती,
गोगलगाय अख्खी आत जाते म्हणजे कशी जाते,
आधी शिंगं, मग तोंड, आणि दार लावून घेते,
आणि एका मुलाने काडीने टोचलं, आणि मिसेस प्लॅट...
मी तिच्या पापण्या बघत होते.
पाच, सहा, सात.
"आई.
आई, तू कुठे गेलीस?"

कालच्या रकान्यात एक फुली आहे.
तिची नाही.