यूरीला, पट्टा थांबण्याच्या आठवड्यात

बस यूरी. कोट काढ.
कॉफी पातळ आहे, पण गरम आहे.
शुक्रवारी पट्टा थांबणार म्हणतात,
बावीस वर्षं लाउझित्सचा कोळसा ज्याच्यावरून गेला
आणि ज्याच्या नुसत्या आवाजावरून तू सांगायचास
सातव्या रोलरचं बेअरिंग जाणार.

हेच लिही आधी.
'मशीन ऑपरेटर' काय, कुणीही लिहितं.
लिही: आवाजावरून बिघाड ओळखतो.
लिही: रात्रपाळी, उणे अठरा, बारा माणसं हाताखाली,
एकाचंही बोट गेलं नाही.
आणि हा 'फक्त' खोड. तीनदा आलाय.
फक्त दहावी. फक्त खाणीत. फक्त इथेच.

माझं सांगते.
काचेचा कारखाना बंद झाला तेव्हा मी एकोणतीसची.
दिवसभर उजेडासमोर पेले धरून
बुडबुडे शोधायचे, एवढंच काम.
रोजगार कचेरीतल्या बाईंनी विचारलं, काय येतं तुम्हाला?
म्हटलं, काही नाही.
तीन दिवस भांडी घासली नाहीत मी घरी.
अठ्ठावीस अर्ज, चार उत्तरं, चारही नकार,
एकात तर हांकाचं हाइन्के करून टाकलेलं.
ते पत्र अजून कपाटात आहे.
का ठेवलं, माहीत नाही.

मग कोटबुसच्या इस्पितळात
एक्स-रेच्या फिल्मा लावायला माणूस हवा होता.
म्हटलं, उजेडासमोर धरलं की मला चूक दिसते.
डॉक्टर हसला.
पण घेतलं.

बारीकसारीकही ऐकून ठेव.
पहाटे साडेचारलाच ऊठ, काम नसलं तरी. दाढी कर.
फोन दहाच्या आत उरकून टाक,
दुपारनंतर नोकरी नसलेल्या माणसाचा आवाज पडतो.
दीर्कला 'जागा आहे का' विचारू नकोस,
'तुमच्याकडे दिवस कसा जातो' एवढंच विचार.
जागा मागितली की लोक दार लावतात,
कामाबद्दल विचारलं की खुर्ची पुढे करतात.

पगाराचा आकडा सांग आणि गप्प बस.
समोरचा पेन खाली ठेवेल, खिडकीबाहेर बघेल.
बघू दे.
'तुम्ही द्याल ते' म्हणत तुझ्या वडिलांनी जन्म काढला,
शेवटी कंपनीनं त्यांचं गावही घेतलं, खणायला.

भाषांच्या रकान्यात सोर्बियन लिही.
कुणी विचारत नाही म्हणून
येत नाही असं थोडंच होतं?

भरपाईचे पैसे येतील. गाडी घेऊ नकोस.
सहा महिन्यांचं भाडं वेगळं काढ, दातांचं काम उरकून घे.
मार्हाताला आज रात्रीच सांग.
तिला माहीत आहे.
तरी सांग.

सगळ्यांना जमतं असं मी म्हणणार नाही.
आमच्या टेबलावरची रेनाटे माझ्याहून हुशार,
तिला एका नजरेत तडा दिसायचा.
ती अजून दुपारी बस थांब्यावर बसते
आणि बसमध्ये चढत नाही.
तिला काय सांगायला हवं होतं,
तीस वर्षं झाली, मला सुचलेलं नाही.

पवनचक्क्यांच्या वर्गात जा मात्र.
तू सेहेचाळीसचा, बाकीची पोरं विशीतली.
संगणकावर तुझी बोटं चाचपडतील,
एखादं पोर हसेलही.
चाचपडू देत.
ऐंशी मीटर वर, वाऱ्यात, बंद डब्यात
बेअरिंगच असतं शेवटी,
आणि त्या पोरांना ते ऐकू येत नाही.

आता वाच पुन्हा. मोठ्यानं.
थांब, कुठे अडखळलास?
बघ, तिथे राहिलाय अजून एक 'फक्त'.
खोड तो.

आणि जाताना ती बरणी ने.
काकडीचं लोणचं आहे, गेल्या वर्षीचं.
झाकण घट्ट बसलंय,
सुरी लावू नकोस,
गरम पाण्याखाली धर.