बद्द

कुपवाड एमआयडीसीत, दोन नंबर गेटच्या आत,
भट्टीपासून सत्तर पावलांवर माझं टेबल.
खिडकी आहे, पण उघडायची नाही.
उघडली की कीबोर्डवर वाळू येते,
काळी, तेलकट, साच्यांतली.
माझ्या पदाचं नाव लांबलचक आहे.
आई शेजारी सांगते, "गाड्यांच्या कंपनीत हिशेबाला असते."
मी दुरुस्त करत नाही. फार चूकही नाही ते.

आमच्याकडे ब्रेक ड्रम होतात.
साच्यातून निघून, निवून, घासून
येतात मकबूलभाई शिकलगारांच्या पुढ्यात.
मिरजेचे. पण सतारीवाले नव्हेत,
हे ते आधीच सांगून टाकतात.
हातात वीतभर पितळी हातोडी.
एकच टोला.
खणखणीत वाजला तर उजवीकडे,
बद्द वाजला तर डावीकडे.
आईही गणपती पेठेत माठ असाच वाजवून घेते,
पण तिला एका पाळीत अकराशे माठ घ्यायचे नसतात.

मला सांगण्यात आलं, हे यंत्राला शिकवा.
म्हणून माइक टांगला, स्पंजात गुंडाळून,
आणि तीन महिने साठवत राहिले
टोला, निकाल, टोला, निकाल.
शहाऐंशी हजार ओळींचा तक्ता.
शेवटच्या रकान्याला नाव दिलं "खरं".
त्यातलं सगळं मकबूलभाईंच्या कानातून आलेलं,
असं मी धरून चालले.

मॉडेल शिकलं. सत्त्याण्णव टक्के.
खाडिलकर साहेबांनी सगळ्यांना भडंग मागवलं.
मी उरलेल्या तीन टक्क्यांपाशी बसून राहिले,
जिथं माइक म्हणतो चांगला, आणि माणूस म्हणतो बद्द.
आलेख काढला.
सहा हजार कंपनांच्या वरचा सूर
मकबूलभाईंच्या निकालांत कुठंच नव्हता.
सव्वीस वर्षं भट्टीशेजारी.
कान जात होते. कदाचित गेलेच होते.
आणि ते त्यांच्या घरी कळायच्या आधी
माझ्या लॅपटॉपला कळलं होतं.
त्या रात्री मी तो आलेख अहवालात घातला, काढला,
परत घातला, फाइलीचं नाव बदललं,
आणि तशीच झोपले.

सकाळी वादातले चाळीस ड्रम आरीखाली दिले.
उभे चिरले.
तेहतिसांत भेग. केसाएवढी, आतल्या अंगाला.
तेहतीस वेळा मकबूलभाई बरोबर.

चहाच्या सुट्टीत आडून आडून विचारलं.
त्यांनी बशी खाली ठेवली.
"कान व्हय? त्ये गेलं कवाच. उजवा तर निस्ता शोभंला."
"मग?"
डाव्या हाताचं मधलं बोट त्यांनी पुढं केलं.
टोक गुळगुळीत, ठसा झिजलेला;
आधार कार्डाच्या वेळी मशीननं ते घेतलंच नव्हतं म्हणे.
टोल्याच्या आधी ड्रमच्या कडेला टेकवायचं, हलकंच.
"चांगला आसंल तर मुंग्या कोपरापतूर जात्यात.
तडा आसंल तर मनगटातच मरत्यात."

तीन महिने मी त्यांच्यासमोर बसले होते.
माइकची तार दोनदा बदलली होती.
बोट पाहिलं नव्हतं.

आता कंपनं मोजणारा सेन्सर मागवलाय,
रुपयाच्या नाण्याएवढा, पुण्याहून, तीन आठवड्यांनी येईल.
खरेदीच्या अर्जात "कारण" अशी एक चौकट असते.
तिच्यात मी लिहिलं, अचूकता.

काल पाळी सुटताना मकबूलभाईंनी विचारलं,
"त्ये आल्यावर माझं हितं काय काम ऱ्हाईल का, बाई?"
भट्टी घोंघावत होती.
ऐकू न आल्यासारखं करता आलं असतं.
मी ओठ नीट दिसतील अशी वळले आणि म्हणाले,
"असं कसं? तुमच्याशिवाय कसं चालेल?"
ते हसले. मान हलवली.

त्यांचं बोट
टेबलाच्या पत्र्यावर टेकलेलं होतं,
माझा हात होता तिथून
चार बोटांवर.