हजेरीच्या कागदावर मँगनीज, चहा आणि थुंकी

चियातुरात काळा रंग विकत घ्यावा लागत नाही.
खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवलं
की तीन चेहऱ्यांना पुरेल एवढा निघतो.
खाणीची भुकटी, डोंगराच्या पोटातली.
मी ती अंड्याच्या बलकात कालवते,
घाईत असले तर नुसत्या थुंकीत,
आणि त्सिआलाला सांगते, हलू नकोस.

ती हलते.
एकतीस वर्षं रोपवेच्या वरच्या ठाण्यात
डोळ्यांत तेल घालून बसलेली बाई.
पाळणा निघाला. पाळणा पोचला.
फोनवर दिवसभर एवढंच बोललेली.
आता जुनी तार उतरवली, ठाण्याला कुलूप,
तरी दर चार मिनिटांनी
तिची मान डावीकडे वळतेच.
शेवटी मी तिला दोन माना काढल्या,
एक कोळशाची,
एक गार चहाची, वाळता वाळता फिकी होत गेलेली.

कागदही तिचेच. हजेरीचे तक्ते,
निळ्या रेघांचे, कडा उंदरांनी खाल्लेले.
गालाचं हाड नेमकं एका रजेवर आलं.
"ही कसली रजा?" मी विचारलं.
"दात," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने,
"दात नव्हे."
मी तिथे रंग भरला नाही.

तिबिलिसीहून गॅलरीवाला फोन करतो,
माध्यम काय लिहू?
मिश्र, मी म्हणते.
मिश्र म्हणजे काय काय?
त्याला वेळ असता तर सांगितलं असतं.

लामारा मात्र बसायलाच तयार नाही.
नाकीडोळी नीटस मी कधीच नव्हते, म्हणते,
आणि आता या वयात कशाला कागद नासवतेस?
माझ्या तेओनाला काढ.

तेओना बारीला असते, इटलीत,
अकरा वर्षं दुसऱ्या कुणाची आई धुते, पुसते, कुशीवर वळवते.
तिची स्वतःची आई इथे फोन उभा करते
आलुबुखारच्या चटणीच्या बाटलीला टेकवून,
आणि म्हणते, घे, ही बसली बघ तुझ्यासमोर.

बसली कुठली, गोठली.
कपाळ स्वच्छ, आणि नाकाखाली सगळे चौकोन.
लामारा बाटली हलवते, फोनला चापट मारते.
मी थांबले नाही. जे दिसत होतं ते काढत गेले.
कपाळ पेन्सिलीने, बारीक, एकेक आठी.
तोंडाच्या जागी लामाराच्या जुन्या एप्रनचे तुकडे,
गव्हाच्या खळीने चिकटवलेले,
त्यातला एक मागच्या फरशीच्या रंगाचा,
कारण ओठ कुठे संपतात आणि भिंत कुठे सुरू होते
ते मलाही कळत नव्हतं.
चित्र गोठलेलंच, आवाज मात्र येत होता.
आतून कुणीतरी घंटी वाजवली
आणि तेओना आम्हाला न कळणाऱ्या भाषेत
काहीतरी फार मऊ बोलली.
लामाराने एवढा मऊ आवाज
स्वतःसाठी कधी ऐकला होता का, कोण जाणे.
ती बाटलीचं झाकण घट्ट करत राहिली,
आधीच घट्ट असलेलं.

मग माझ्या हातातली पेन्सिल तिने ओढून घेतली.
"इथे व्रण आहे. ठाण्याच्या पायरीवर पडली होती, सहा वर्षांची."
भुवईच्या वर तिने एकच रेघ मारली,
अशी दाबून की कागद फाटला.
"झालं," म्हणाली. "आता तीच आहे."
बरोबर होतं तिचं. महिनाभरात
माझ्या हातून अशी रेघ निघाली नव्हती.

कॉल तुटला, पुन्हा लागला.
या वेळी चेहरा हलणारा, दमलेला, अखंड.
फोन सरळ करताना माझा अंगठा
काचेला कधी लागला, लक्षात आलं नाही.
काळा ठिपका. तीट लावावी एवढाच.

"कपाळाला काय लागलंय गं?" लामारा ओरडली. "पूस ते."
आणि बारीच्या त्या स्वयंपाकघरात
तेओनाने बाहीने कपाळ पुसलं,
बाही उजेडात धरून पाहिली,
पुन्हा पुसलं.
"गेलं?"

लामाराने चष्मा लावला, काढला.
"अजून नाही."