कच्चा, पक्का

साकीनाक्याच्या गाळ्यात थिनरची पिंपं फुटली त्या दुपारी
पाऊण तासात सदतीस माणसं आली,
टेम्पोतून, रिक्षांतून, तिघं तर दुधाच्या गाडीतून.
कॅज्युअल्टीत खाटा अकरा.

कुलसुम सिस्टरनं माझ्या हातात चार रिळं कोंबली,
लाल, पिवळं, हिरवं, काळं,
आणि म्हणाली, डॉक्टर, तुम्ही दारातून हलायचं नाही.
माणसामागे अर्धं मिनिट.
फीत बांधा, पुढे सरका.

ओरडणाऱ्यांना मी थांबवलं.
ओरडायला श्वास लागतो, तो त्यांच्याकडे होता.
भिंतीला टेकून गप्प बसलेल्यांना आधी आत पाठवलं.
एकानं माझ्या ॲप्रनची बाही फाडली:
माझा भाऊ कधीचा बोंबलतोय
आणि तू त्या झोपलेल्याला नेतेस?
हो.
त्यालाच.

एकोणिसावा आपल्या पायांनी आला.
चालतो तो हिरवा, असं पुस्तकात.
पण तळपाय सोडले तर
त्याच्या अंगावर कातडी म्हणावं असं काही नव्हतं.
दुखत नाही म्हणाला.
दुखायला जे लागतं तेच जळलं होतं.
नाव स्पष्ट सांगितलं, अंबादास गुर्रम,
बायकोचा नंबर दहाही आकडी.
पाणी मागितलं.

मनगटाला बांधता येईना,
म्हणून काळी फीत मी ट्रॉलीच्या दांडीला बांधली.
तो बघत होता.
सोलापुरात बारा वर्षं चादरींचं सूत रंगवलेला माणूस.
म्हणाला, मॅडम, हा रंग कच्चा की पक्का?

मागे विसावा उभा होता, त्याच्या मागे एकविसावी.
माझं अर्धं मिनिट कधीच संपलेलं.
कच्चा, मी म्हटलं.

मग मथुरा मावशीला हाक मारली,
फरशी पुसायची सोडून ती स्टूल घेऊन आली.
औषध म्हणून मी त्याला तेवढंच देऊ शकले, मॉर्फिन
आणि शेजारी एक माणूस.
सव्वानऊपर्यंत ती बसली.
काय बोलला ते तिनं मला सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

लाल फितीचे चौदा आत गेले. बारा घरी गेले.
चौकशीच्या फॉर्मवर हे आकडे नीट बसले.

रात्री बेसिनवर हात धुताना पाहिलं,
घामानं फितीचा रंग सुटला होता.
बोटं काळी.
साबण, स्पिरिट, लिंबू, सगळं लावून पाहिलं,
शुक्रवारपर्यंत तशीच होती.