बट नंबर सत्तेचाळीस

हिंगोलीच्या माळावर वीस-वीस गोळ्या झाडून
आम्ही कोतमध्ये परतलो तेव्हा
रायफली अजून कोमट होत्या,
कानात एक बारीक शिट्टी उरलेली,
आणि खय्यूम हवालदारांच्या चहावर साय धरलेली.

"आधी खाली आहे का बघ. मग परत बघ.
मग मला दाखव."
बोल्ट काढून टेबलावर ठेवला त्यांनी, दांडा हातात दिला.
"मागून घाल. गोळी जाते त्याच वाटेनं.
तोंडाकडून घातलास तर तोंड झिजतं,
अन् तोंड झिजलेली बंदूक
कुठंबी बोलते."

पहिली चिंधी काळी आली.
दुसरी काळी.
तिसरीवर हिरवट-निळं काहीतरी, तांब्याचं.
मी जोर लावला. पितळी ब्रश किरकिरला.
"ए बाई, कुणाचा राग काढायलीस?
आत क्रोम आहे."

क्रोम म्हणजे मला मोटरसायकलचं हँडल एवढंच ठाऊक.
मग ते वडलांचं सांगत बसले:
सेनगाव, गोरेगाव, साखरा, वारावारानं बाजार,
पाठीवर भाता, जमिनीत खड्डा, खड्ड्यात कोळसे,
नवसागराचा डोळ्यांत जाणारा धूर,
कापसाच्या बोळ्यानं कथील फिरलं की
पातेल्याला एका फेऱ्यात तोंड दिसायचं.

"अब्बाचं काम पातेल्याच्या पोटात.
हे नळीच्या पोटात.
पातेलं वर्षानं परत यायचं,
ही कल्हई एकदाच.
म्हणून खरडायचं नाही, पुसायचं.
गंज हिला लवकर धरत नाही, पण तेल विसरायचं नाही.
अन् फायरिंगच्या आधी ते तेल
कोरडं करायचं विसरायचं नाही.
लोक एक ध्यानात ठेवतात, दुसरं विसरतात."

सातवी चिंधी पांढरी आली.
जवळजवळ पांढरी.

नळी त्यांच्यापुढे केली, तर
डोळ्याला लावलीच नाही त्यांनी.
अंगठ्याचं नख चेंबरपाशी आडवं धरलं,
खिडकीतलं ऊन नखावरून आत वळवलं.
"तू बघ तोंडाकडून. मला दोन वर्षं झाली,
आत नुसतं धुकं दिसतं."

दोन वर्षं.
रजिस्टरात दोन वर्षांच्या सह्या,
प्रत्येकीपुढे 'नळी साफ'.
चिंधी किती अडते, कुठं अडते,
एवढ्यावर ते लिहीत आले होते.

मी पाहिलं.
बारवेत उतरावं तसा पीळ घेत खाली जाणारा उजेड,
तळाशी त्यांचं नख, पिवळट, चिरलेलं.
आणि घशापाशी, पीळ सुरू होतो तिथं,
करडा डाग. तिळाएवढा.
आमच्या पितळी तपेल्यात असाच एक होता.
आई त्यात ताक ठेवत नसे,
कळकतं म्हणून.

"गप का झालीस?"
मी गप्पच.
"घशाशी असंल. तिथं चिंधी जरा थांबते.
मला वाटलं, माझाच हात थरथरतो."

त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं,
पेनाचं टोपण काढून दिलं.
रकाना केवढासा.
मी लिहिलं: ४७. घशाशी कल्हई
खोडलं.
क्रोम उडालेलं.

खाली सहीची जागा होती.
ती त्यांनी
बोट फिरवून शोधली.