येण्याचा उद्देश

पहाटे तीनला गेडामसाहेबांचा फोन :
"मॅडम, स्पॅनिश येते ना तुमाले? गाडी पाठवतो."
मे महिना. सोनेगावच्या रस्त्यावर त्या वेळीही वारा
भट्टीचं दार कुणी उघडं टाकल्यासारखा.

विमान जायचं होतं भलतीकडेच.
कुणा म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, म्हणून खाली घेतलेलं.
म्हातारा दवाखान्यात पोचला, वाचला.
आणि बावीस नंबरच्या सीटवरल्या माणसाचा पासपोर्ट
तो आभाळात असतानाच रद्द झालेला.

नाव एवेलिओ. खाण खात्यात हिशेबनीस.
बांध फुटणार हे वरच्यांना ठाऊक होतं
एवढंच सांगणारी अकरा पानं त्यानं बाहेर नेली.
बांध फुटला.
तेव्हापासून तो पळतोय.

पिवळ्या पट्ट्यापलीकडे त्याची खुर्ची,
अलीकडे भारत.
मधे मी, प्लास्टिकच्या स्टुलावर,
आणि एक घरघरता कूलर, ज्याचं तोंड भारताकडे.

फॉर्मचा सातवा रकाना : येण्याचा उद्देश.
त्यानं एकच शब्द सांगितला.
मी मराठीत पुटपुटले : शरण.
गेडामांचं पेन थांबलं.
"शरण म्हंजे काय लिहू? हात वर करून आला,
का पाठीशी घ्या म्हनून आला?"
आपल्या भाषेत दोघंही एकाच दारातून आत येतात
हे मला तोवर कधी खुपलं नव्हतं.

मग फोन सुरू झाले.
एक देश म्हणाला, करू दे अर्ज,
पण आमच्या मातीवर उभं राहून.
एका राजदूताला अपार सहानुभूती होती;
तासाभरानं त्यानंच विचारलं, बाकीचे काय म्हणतात?
त्याच्या स्वतःच्या देशानं काहीच मागितलं नाही,
फक्त तांब्याच्या कराराची तारीख पुढे ढकलली.
दिल्ली म्हणाली :
जेवू घाला. सही घेऊ नका.

गेडामांनी घरून डबा आणला, वांग्याची भाजी,
वर बोटभर तर्री.
त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.
मी म्हटलं, तिखट लागलं का?
म्हणाला, बरं झालं, तिखट आहे ते.

रात्र सरावी म्हणून मी त्याला सांगितलं,
ह्याच शहराचा एक राजा
इंग्रजांच्या पहाऱ्यातून शिपायाच्या वेशात निसटला.
बिछान्यात ठेवली उशी,
आणि दोन नोकर रात्रभर तिचेच पाय चेपत बसले.
फिरत फिरत जोधपूरला पोचला, तिथं आसरा मिळाला.
इंग्रजांनी मागितला, त्यांनी दिला नाही.
मला वाटलं, त्याला धीर येईल.
तो बराच वेळ गप्प.
मग म्हणाला, आणि ते दोघे?
उशीचे पाय चेपणारे? त्यांचं काय झालं?

पुस्तकात नव्हतं.

तिसऱ्या दुपारी, डांबर चपलेला चिकटत असताना,
एक लहान विमान आलं, शेपटीवर काही न रंगवलेलं.
कोण हो म्हणालं,
की नाही म्हणायचंच कुणी थांबलं,
मला कळलं नाही. विचारायची माझी जागाही नव्हती.
त्यानं पट्ट्यावरून हात पुढे केला.
हात तेवढा भारतात,
बाकीचा तो कुठेच नाही.

जुलैत माझं बिल परत आलं.
तीन रात्री, दुभाषी भत्ता, एकदा ऑटो.
शेरा टाईप केलेला :
सदर कालावधीत अशी कोणतीही व्यक्ती
नागपूर येथे उतरल्याची नोंद नाही.

म्हणजे मी तीन रात्री
उशीशी बोलत होते.

लाईट गेली की आता गच्चीवर पडते.
डोक्यावरून दिवे जातात, एकामागून एक,
इथं कुणाचंच काही काम नसल्यासारखे.
बिल उशाखाली.
त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं, बारीक,
गेडामांचं अक्षर :
फॉर्म फाडला नाही मॅडम. घरी हाय.