कीर्द

चौतीस वर्षं जिल्हा बँकेच्या जाळीआड
मी दुसऱ्यांचे पैसे मोजले.
आता मोजते पाण्याच्या बाटल्या, भाकऱ्या,
आणि यांच्या गुडघ्याच्या मलमाची ट्यूब
बोटानं दाबून बघते, अजून किती डोंगर निघतील.

आवंदाचा उन्हाळा डोंगरात काढायचा ठरवला
तर मुलगा पुण्याहून म्हणाला, या वयात? मे महिन्यात?
हे म्हणाले, अरे, खांबावर चढताना
आम्ही काय महिना बघत होतो का?
(टेलिफोन खात्यात लाइनमन. वादळ झालं
की गावाचा आवाज बंद, आणि हे घराबाहेर.)

आधी पन्हाळा, तीनदा, पाय मोकळे करायला.
मग मसाईचं पठार. तिथं सावली नाहीच,
ती आपली आपण न्यायची:
एक काळी छत्री, खाली दोघं,
आणि नवाच्या आतच तव्यागत तापलेला कातळ.
छत्री धरण्यावरून भांडलो. मैलभर बोललो नाही.
छत्रीबाहेर मात्र कुणी गेलं नाही.

रंकाळा स्टँडवर गगनबावड्याच्या गाडीत
शेजारच्या पोरीनं विचारलं, आजी, दवाखान्याला का?
म्हटलं, करवंदांना.
संध्याकाळी परत येताना जिभा जांभळ्या,
हातांवर ओरखडे, बोटांना चीक.
सवयीनं मी अंगठा हवेत ओल्या स्पंजकडे नेला.

दाजीपुरात पाणवठ्यापलीकडं गवा उभा होता,
पांढरे मोजे घालून, आमच्याकडं बघत.
आम्ही श्वाससुद्धा अर्धाअर्धा घेतला.
तो गेल्यावर हे हळूच म्हणाले,
आमचा डिव्हिजनचा साहेब. सेम.

रांगणा शेवटी ठेवला होता.
पाटगावात मुक्काम, पहाटे चालायला सुरुवात.
चिक्केवाडीपुढं आधी उतरायचं, मग चढायचं.
म्हणजे मिळवलेलं सगळं घालवून पुन्हा शून्यापासून.
खिंडीत हे दगडावर बसले.
गुडघा दोन्ही हातांत धरला, दुसऱ्याच्या पोराचा धरावा तसा.
म्हणाले, तू हो पुढं.
मी म्हटलं, तुमच्याशिवाय?
म्हणाले, तीस वर्षं मी वर आणि तू खाली होतीस.

गेले.
दरवाजा, मग दुसरा दरवाजा, वाळलेलं गवत,
छातीत कुणी जात्यावर बसल्यासारखी घरघर.
तटावरून खाली पाहिलं तर
एवढ्या सगळ्या डोंगरात
एक पांढरी टोपी, तांदळाच्या कणीएवढी.

हाक मारली, अहो!
दरी म्हणाली, हो.
पुन्हा, अहो!
पुन्हा, हो, हो.
टोपी हलली नाही.
दरीलाच मी हाक मारतेय असं वाटलं असेल.

यांचं नाव मी आयुष्यात एकदाच घेतलंय,
लग्नात घास भरवताना,
तेही यमकात कोंबून, बायकांच्या हसण्यात.
इथं कोण होतं ऐकायला?
एक घार, आणि दगडावर झोपलेला सरडा.
तटाला हात टेकून पोटातून ओरडले,
हिंदुराव!
समोरचा कडा म्हणाला, मग त्याच्या मागचा,
मग कोकणाच्या बाजूला कुठंतरी खाली, अगदी बारीक.
टोपी उठून उभी राहिली.
डोक्यावरनं निघाली. हवेत गोल फिरली.

उतरून आले तर चेहरा साधा ठेवून विचारतात,
कोण हाक मारत हुतं गं वर?
रांगणाई असेल, मी म्हटलं.
देवीला माझं नाव कसं ठावं?
पाणी प्या, म्हटलं, आणि बाटली पुढं केली.

घरी येऊन रात्री कीर्द लिहायला बसले.
गारगोटी, पाटगाव, चार अर्धी तिकिटं.
जेवण. मठात ठेवलेले एक्कावन्न. मलम, नवीन ट्यूब.
जमेची बाजू कोरी.
यांनी चष्मा लावून वाचलं, पेन मागितलं,
आणि त्या बाजूला त्यांच्या तिरक्या अक्षरात:
हाक. एक.

मी एक खोडलं. तीन केलं.
दोनदा अहो म्हटलं होतं,
पोचलं नाही म्हणून काय झालं?
हिशेबात ते धरायलाच हवं.